शंभर कादंबऱ्यांचा गाळप हंगाम

मलकापूर म्हटलं की लोक विचारतात, बुलढाण्याचं का शाहूवाडीचं? दोन्ही नव्हे. आमचं मलकापूर कराडला चिकटलेलं, डोक्यावर आगाशिवचा डोंगर आणि पोटातून पुणे-बंगळूर महामार्ग. गावाची ख्याती पाण्याबद्दल. नळाला चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर. आंघोळीचं पाणीसुद्धा जिथं लिटरवर मोजलं जातं, त्या गावात कादंबऱ्या पानांवर मोजल्या गेल्या तर नवल वाटू नये. मला वाटलं, कारण मीटर माझ्याच घरात बसलं.

त्याचं असं झालं. आमचा पहाटे आगाशिवच्या पायथ्याला फिरायला जाणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर एका सकाळी सुप्रभात, गुलाबाचं फूल आणि गुडघेदुखीवरचा निर्गुडीचा लेप यांच्या मधोमध एक यादी आली. ‘मरण्यापूर्वी वाचायलाच हव्यात अशा शंभर कादंबऱ्या’. आमच्या ग्रुपातले बहुतेक जण पेन्शनीतले, त्यामुळे ‘मरण्यापूर्वी’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून घेत नाही, मुदत म्हणून घेतो. इंग्रजीत 2006 साली अशीच एक जाडजूड यादी प्रसिद्ध झाली होती, तिच्यात 1001 पुस्तकं होती. आपल्याकडं 1001 म्हणजे लग्नातलं आहेराचं पाकीट. तेवढं कोण वाचणार? कुणीतरी समंजस माणसानं काटछाट करून शंभरावर आणली होती. निम्म्या मराठी, निम्म्या जगातल्या. पहिल्या क्रमांकावर बाबा पदमनजींची 1857 सालची ‘यमुनापर्यटन’, शेवटी शेवटी अलीकडच्या, पुरस्कार मिळून पेपरात फोटो आलेल्या.

यादी आली आणि विसरली गेली असती. पण आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. समोर यादी आली आणि तिच्यावर नोंद घातली नाही तर आबांना रात्री झोप लागत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी लांब वही घेतली, रकाने आखले. अनुक्रमांक, कादंबरीचे नाव, कर्ता, पाने, वाचणाऱ्याचे नाव, वाचून झाल्याची तारीख, शेरा. ‘आता हे सरकारी झालं,’ मेडिकलवाले बापू म्हणाले. बापूंचं म्हणणं बरोबर होतं. वहीत नाव चढलं की माणूस वाचक राहत नाही, खातेदार होतो.

उरलेलं काम बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी केलं. शंभर कादंबऱ्या, सरासरी 300 पानं, म्हणजे 30,000 पानं. मुदत एक वर्ष. रोजचा हप्ता 82 पानं. लागोपाठ नव्वद दिवस हप्ता चुकला की तो सभासद अनुत्पादक खात्यात. हे सगळं अण्णा इतक्या गोड आवाजात सांगत होते की दोघांनी तिथल्या तिथं संमती दिली आणि जामीनदार कोण लागेल म्हणून चौकशीही केली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पेपरात लिहितो म्हणून माझ्याबद्दल गावात असा समज आहे की मी सगळं वाचलेलं आहे, आणि तो मी आजवर मोडलेला नाही. मुकाट सही केली.

इथं मराठी भाषेबद्दल एक तक्रार नोंदवतो. आपल्या भाषेत कादंबरी नुसती वाचता येत नाही. ती ‘वाचून काढावी’ लागते, जसा विहिरीतला गाळ काढतात किंवा सोसायटीचं कर्ज काढतात. नाहीतर ‘वाचून टाकावी’ लागते, जसा केर टाकतात. फारच उत्साही माणूस असेल तर तो तिचा ‘फडशा पाडतो’. एक ‘वाचत बसणे’ तेवढं आहे, पण ते शिवीसारखं वापरतात: ‘घरात पाव्हणं आल्यात आणि हे वाचत बसल्यात.’ तीन महिने आमच्या ग्रुपवर रोज सकाळी याच क्रियापदांचा पाऊस होता. ‘रणांगण काढली.’ ‘बनगरवाडी टाकली.’ ‘ययातीचा फडशा.’ नवख्या माणसानं वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथं तोडणीची टोळी उतरली आहे.

आणि खरोखर उतरली होती. आमच्या भागात दोन-तीन कारखान्यांचे भोंगे ऐकत माणूस मोठा होतो, त्यामुळे हंगाम म्हणजे काय हे आम्हाला शिकवावं लागत नाही. किती टन गाळप झालं, एवढंच विचारायचं. साखरेचा उतारा किती पडला हा प्रश्न मागाहून, आणि तोही दबक्या आवाजात. बापूंनी 11 दिवसांत सात कादंबऱ्या गाळल्या. मी त्यांना सहज विचारलं, ‘रणांगणात जहाजावर ती हेर्टा असते, तिचं काय होतं हो पुढं?’ बापूंनी गिऱ्हाइकाला साखरेच्या गोळीचं पाकीट देता देता सांगितलं, ‘हेर्टा का? असणार की. जहाज मोठं होतं.’ विश्राम बेडेकरांची ही 1939 सालची कादंबरी आमच्या ग्रुपवर सगळ्यात लोकप्रिय ठरली. का? युरोपातून पळालेले ज्यू, दारात आलेलं महायुद्ध, चक्रधर आणि हेर्टाचं न जुळणारं प्रेम, यातलं काहीच कारण नव्हतं. ती बारीक आहे. एका दुपारी उरकते.

अशा हंगामात बुद्धी वेगळ्याच वाटांनी चालते. अण्णांनी एकरकमी तडजोडीची योजना आणली: कादंबरीवर सिनेमा निघाला असेल तर तो बघून खातं बंद करता येईल. ‘श्यामची आई’ अत्र्यांच्या सिनेमावर मिटली, ‘बनगरवाडी’ अमोल पालेकरांच्या, ‘नटरंग’ आणि ‘दुनियादारी’ तर टीव्हीवर जेवता जेवता. सगळ्यात मोठा लाभ ‘सिंहासन’मध्ये निघाला. जब्बार पटेलांनी 1979 साली तो अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून काढलेला. अण्णांचे डोळे भरून आले. एका तिकिटात दोन टिका! असा परतावा त्यांना नोकरीत कधी बघायला मिळाला नव्हता.

मग वाद. मार्सेल प्रूस्तची कादंबरी यादीत एकच नोंद होती, पण ती सात खंडांची निघाली. 1913 ते 1927 अशी ती प्रसिद्ध होत राहिली, शेवटचे खंड तर लेखक गेल्यावर. आबांचं म्हणणं, सात खंड म्हणजे सात गट नंबर, सात वेगळ्या नोंदी. अण्णा म्हणाले, कर्जदार एक, खातं एक. आता नेमाड्यांचं काय करायचं? ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’, चांगदेव एकच पण पुस्तकं चार. सहहिस्सेदारांचा वाद समजून आबांनी प्रकरण प्रलंबित ठेवलं. ते अजून तसंच आहे. प्रूस्त वाचलेला नाही म्हणून वाद कुणालाच नडत नाही.

‘कोसला’ मात्र अण्णांनी खरंच वाचली. त्याचा पुरावा असा की त्यानंतर दीड महिना ते दर वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि शेवटी ‘वगैरे’ म्हणत होते. ‘उदाहरणार्थ, दोन किलो कांदे द्या वगैरे.’ भाजीवालीनं घरी निरोप पाठवला, साहेबांना डॉक्टरला दाखवा. 1963 साली या पुस्तकानं महाराष्ट्रातल्या निम्म्या वसतिगृहांचं जे केलं, ते साठ वर्षांनी मलकापुरातल्या एका निवृत्त शाखाधिकाऱ्याचं झालं. मला तरी यादीतली ही पहिली खरी टीक वाटली. आबांनी मात्र ती ‘विलंबाने’ असा शेरा मारून घेतली.

एरवी घराघरातला अनुभव सारखाच. यादीतल्या जाडजूड मराठी कादंबऱ्या आमच्या सगळ्यांच्या घरी आधीपासून होत्याच. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, ‘छावा’. आहेरात आलेल्या. आतल्या पानावर निळ्या शाईत शुभेच्छा, देणाऱ्याची सही, आणि त्यापुढचं एकही पान उघडलेलं नाही. बापूंच्या ‘मृत्युंजय’मध्ये 1988 सालचं विजेचं बिल निघालं, पान 14 ला. बिल भरलेलं होतं.

आमच्यात मराठीच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. सगळे मॅडम म्हणतात. त्या एवढा वेळ गप्प होत्या. एकदा फिरून येताना बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं. ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याच्यातच आली, हप्त्याहप्त्यानं. ज्यांनी ती पहिल्यांदा वाचली त्यांना वाचायला सुमारे तीन वर्षं लागली. तुमच्या हिशेबानं अख्खा महाराष्ट्र थकबाकीत होता.’

अण्णांनी विचारलं, ‘आठवड्याला किती पानं वो?’

मॅडमनी बुटाची नाडी बांधली आणि उठल्या.

मलाही एक मुद्दा मांडायचा होता, तो मी रात्री ग्रुपवर टाकला आणि त्यावर दोन अंगठे आणि एक नमस्कार आला. मुद्दा असा. कादंबरी हा शब्द आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून घेतला. हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. आपण आणि कानडी मंडळींनी एका नायिकेचं नाव उचलून अख्ख्या जातीला देऊन टाकलं. आणि त्या मूळ ‘कादंबरी’ची गंमत काय, तर ती खुद्द बाणभट्टालाच पुरी करता आली नाही. तो वारल्यावर पोरानं पुरी केली. ज्या प्रकाराचं नावच लेखकाच्या हातून अर्धवट राहिलेल्या पुस्तकावरून पडलंय, तो वाचकानं अर्धवट सोडला तर दंड कशाला? अण्णांनी खासगीत उत्तर पाठवलं: ‘वारसानं पुरी केली ना? म्हणजे वारसाकडून वसुली होते.’

यादीत काय नव्हतं तेही सांगायला हवं. बाबुराव अर्नाळकर नव्हते. हजाराच्या वर रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड यांनी दोन पिढ्यांना कंदिलाखाली जागवलं, शाळेच्या पुस्तकात लपवून वाचायला लावलं, पण यादीत जागा नाही. चंद्रकांत काकोडकर नव्हते. त्यांची ‘श्यामा’ 1962 च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला होऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1969 साली सुटली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेली गोष्ट, पण व्हॉट्सअॅपच्या यादीपर्यंत नाही. बाबा कदम नव्हते. एसटीच्या स्टॉलवरून विकत घेऊन, स्वारगेट येईपर्यंत माणसं खिडकीबाहेर बघायची नाहीत, ते हे लेखक. ज्या कादंबऱ्या न सांगता वाचल्या जातात त्या यादीत कशा येणार? यादी सांगावं लागणाऱ्यांची असते. मी हा विचार बोलून दाखवल्यावर आबांनी पुरवणी यादीचा रकाना आखायला घेतला, तेव्हा गप्प बसलो.

मध्येच एक सहल झाली. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार, आपल्याच जिल्ह्यातलं ‘पुस्तकांचं गाव’. 4 मे 2017 ला सुरू झालं. घरोघरी पुस्तकं, एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात चरित्रं, कुणीही यावं आणि बसून वाचावं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची, पण तिथं विकतात, इथं नुसतं वाचायला देतात. फार चांगली जागा आहे. आम्ही तिथं साडेतीन तास होतो. त्यातला दीड तास स्ट्रॉबेरी विथ क्रीम, एक तास फोटो. बापूंनी ‘वॉर अँड पीस’च्या भाषांतराबरोबर तीन बाजूंनी फोटो काढला आणि वहीत तारीख घालायला सांगितली. आबांनी विचारलं, ‘वाचली?’ बापू म्हणाले, ‘प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली.’ हे वाक्य कुठल्याही तलाठ्याला नाकारता येत नाही. नोंद झाली.

परतताना कोल्हापूर नाक्याजवळ उड्डाणपुलाच्या कामात गाडी अडकली ती अडकलीच. मागच्या सीटवर मॅडम मोबाइलच्या उजेडात ‘रिंगाण’ वाचत होत्या. कृष्णात खोतांची, 2023 साली साहित्य अकादमी मिळालेली. माणसं विस्थापित होतात आणि मागं राहिलेल्या म्हशीसाठी जीव तुटतो. अण्णा म्हणाले, ‘एवढ्या ट्रॅफिकमध्ये चाळीस पानं सहज निघतील.’ मॅडम म्हणाल्या, ‘मी तेच पान परत वाचतेय.’ अण्णांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलेल्याला वहीत रकाना नाही. आमच्याकडं उसाचा खोडवा घेतात, एकदा लावलेल्या बुडख्यातून दुसरं पीक निघतं, लागवडीचा खर्च नाही. पण पुस्तकाचा खोडवा कुठल्या यादीत धरत नाहीत.

आणि वर आम्ही राहतो कुठं? यशवंतराव चव्हाणांच्या कराडशेजारी. देशाची संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती सांभाळणारा माणूस पुस्तकं जमवत आणि वाचत राहिला; तो संग्रह कराडला वेणूताईंच्या स्मारकात आहे. 1975 साली आणीबाणीच्या ऐन धामधुमीत दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं ते याच कराडात. त्यांना वेळ होता. आम्ही पेन्शनर, आम्हाला नाही.

आता क्रमांक 37.

क्रमांक 37 म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’, 1959 सालची. ही आबांच्या वाट्याला आली. अण्णा भाऊंचं वाटेगाव वाळवा तालुक्यात, आम्हाला साताऱ्यापेक्षा जवळ. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला माणूस म्हणून सगळे सांगतात. त्यानं तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, आणि आम्ही पदव्या घेतलेले बाराजण त्यातली एक उरकायला घड्याळ लावून बसलेलो. आबांनी वाचनालयातून प्रत आणली. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईत नंबर, पानांच्या कडा हाताळून मऊ झालेल्या, मलपृष्ठाच्या आत तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी. संध्याकाळी सोप्यात बसून सुरुवात केली. आबांना मनातल्या मनात वाचता येत नाही. सगळी नोकरी चावडीवाचनात गेली. कागद हातात आला की आवाज आपोआप चढतो.

आत वहिनी मेथी निवडत होत्या. वहिनींचं माहेर शिगाव.

‘फकिरा’ ज्यांनी वाचलीय त्यांना पुढचं कळलं असेल. तिच्या सुरुवातीलाच फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावला आणायला निघतो. जोगणी आली की जत्रा आपल्या गावची, मान आपल्या गावचा. ती तो आणतो आणि शिगावकडचे त्याला दगा करून मारतात.

वहिनी मेथीची जुडी हातात तशीच घेऊन बाहेर आल्या. ‘कुणाची जोगणी?’

‘शिगावची.’

‘आमच्या शिगावची? आणि नेली? परत वाचा.’

आबांनी परत वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक पान दोनदा वाचलं असावं.

‘दगा आमच्या माणसानं केला म्हणतोय त्यो?’ वहिनींनी पुस्तक हातातून काढून घेतलं, चष्मा शोधला, ओळीखाली बोट धरून स्वतः बघितलं. मग भावाला फोन. भावानं घरातल्या थोरल्या चुलत्याला विचारलं. चुलत्यानं सांगितलं, गोष्ट वेगळी आहे, मी सांगतो, बसा. तो फोन 40 मिनिटं चालला. मेथी पातेल्यातच सुकली आणि त्या रात्री आबांनी पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी हा विषय ग्रुपवर आला. बापूंची बहीण वाटेगावच्या बाजूला दिलेली. बस्स. तीन महिने ‘काढली’, ‘टाकली’ करणाऱ्या माणसांनी पहिल्यांदा पुस्तकातल्या माणसांबद्दल तोंड उघडलं. राणोजीनं एकट्यानं जायला नको होतं. वाटेगावच्या शंकरराव पाटलांनी अडवायला पाहिजे होतं. मान मोठा का जीव मोठा. वेशीचा नियम काय होता, तो मोडला की नाही. कुणीतरी लांबलचक आवाजी संदेश टाकला, त्यात मागं म्हैस ओरडत होती. रात्री अकरा वाजता अण्णांनी ग्रुप बंद करून ‘फक्त अॅडमिन लिहू शकतील’ असं केलं. त्या दिवशी कुणाचीच 82 पानं झाली नव्हती, त्यांचीसुद्धा नाहीत.

हे होऊन बरेच दिवस झाले. मुदत संपली म्हणून वाचनालयातून दोनदा फोन येऊन गेला. परवा मी आबांकडं गेलो तेव्हा वही दिवाणावर उघडी होती. 36 पर्यंत तारखा सरळ, एकाखाली एक. 37 ला तारीख नाही. शेऱ्याच्या रकान्यात आबांच्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलंय:

‘सदर पुस्तक सौ. यांचे कब्जात. रोज दोन पाने वाचतात, रडतात, पुन्हा मागे जातात. मागितले असता देत नाहीत. सबब नोंद प्रलंबित.’